बारा वस्तू घेऊन वडगावला

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. याचा फायदा असा, की घरात कुठलाही कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येतो. तोटा असा, की छापलेलं सगळं मला खरं वाटतं. पुस्तकातलं पाठ केलं म्हणून मी तालुक्याच्या शाळेतून पुढे सरकलो, नोकरीला लागलो. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण त्यामुळे आजही कुणी 'अत्यावश्यक' असं लिहून खाली आकडे घातले की मी वही काढतो.

गेल्या वर्षी मी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतला. घेतल्या दिवशीच इंटरनेटवर एका गृहस्थांचा व्हिडिओ पाहिला. ते म्हणत होते, 'डीएसएलआर घेतलात? मग या बारा वस्तूंशिवाय घराबाहेर पडू नका.' मी दोन महिने पडलो नाही. वस्तू जमवत राहिलो. जादा बॅटरी, जादा कार्ड, लेन्सवर बसवायचं हूड, धूळ उडवायची रबरी फुंकणी, यूव्ही फिल्टर, पोलरायझर फिल्टर, उजेड परतवायचा घडीचा रिफ्लेक्टर, असंख्य खिशांचं जाकीट आणि लेन्सच्या आकाराचा चहा प्यायचा मग. मग कशाला, असा प्रश्न मला पडला होता. पण यादीत होता. अभ्यासक्रमातला धडा आवडला नाही म्हणून सोडायचा नसतो.

ट्रायपॉड, फ्लॅश आणि रिमोट राहिले होते. तेवढ्यात बेळगावजवळच्या वडगावहून प्रकाशचा फोन आला. प्रकाश माझा कॉलेजातला मित्र. त्याच्या घरी हातमाग आहे आणि त्यावर त्याची आई साड्या विणते. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते, प्रकाशही आक्काच म्हणतो.

'मास्तर, तुझा क्यामेरा घिऊन ये,' तो म्हणाला. 'आक्काचा एक फोटू पायजे. सोमवारी शेवटचा दिवस हाय.'

'कसला शेवटचा दिवस?'

'ये, मग सांगतो. फोनवर सांगितलं तर यायचा न्हाईस.'

निपाणी, शुक्रवार

कोल्हापूरहून निपाणीच्या गाडीत मी मांडीवर पिशवी घेऊन बसलो होतो. सगळ्या वस्तू आहेत ना, हे बघावं म्हणून रिफ्लेक्टरच्या पिशवीची चेन उघडली. ही वस्तू माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. तारेच्या कड्यावर ताणलेलं चकचकीत कापड असतं. घडी घातली की ताटाएवढं होतं आणि पिशवीतून सुटलं की बैलगाडीच्या चाकाएवढं. ते सुटलं. पुढच्या बाकावरच्या आजोबांची टोपी उडाली आणि माझ्या शेजारच्या बाईंच्या डोक्यावर चंदेरी छत्र उभं राहिलं.

'पापड वाळवायला न्हेतासा व्हय?' बाईंनी शांतपणे विचारलं.

'नाही हो. प्रकाश टाकायला.'

'कोण परकास? आणि का टाकतासा त्याला?'

गाडीभर हसू पिकलं. व्हिडिओतल्या गृहस्थांनी ते कडं तीन सेकंदांत पिळून घडी घातली होती. मी निपाणी येईपर्यंत पिळत होतो. शेवटी ते उघडंच काखेत धरून उतरलो.

बेळगावच्या गाडीला वेळ होता, म्हणून स्टँडमागच्या गल्लीत शिरलो. निपाणीत वास हाच पत्ता असतो. तंबाखूचा वास दाट होत गेला आणि एका उंबऱ्यावर बिड्या वळणारी बाई दिसली. फोटो काढू का, असं विचारलं. 'काढा की. पण हात थांबवायची न्हाय मी,' ती म्हणाली. नाव मालन.

मी लेन्स बदलायला घेतली. कॅमेरा उघडा असताना पलीकडच्या दारात कुणीतरी तंबाखूचं सूप झटकलं. मी सहा वेळा शिंकलो. कॅमेऱ्याला शिंकता येत नाही, त्याने सगळं आत घेतलं. पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळात एक काळा ठिपका आला.

'डबीत तपकीर गेली तुमच्या,' मालनताई म्हणाल्या.

मी खिशातून फुंकणी काढून फुस-फुस करू लागलो, तशा त्या ओठ दाबून हसल्या. पण फुंकणीनं काम केलं. ठिपका गेला. बारा वस्तूंपैकी ही एक खरी, हे मी तिथेच वहीत लिहिलं.

'किती सामान हो ह्ये सगळं!' त्यांनी जाकिटाचे खिसे बोटाने मोजायला घेतले आणि कंटाळून सोडून दिले. 'माझं बघा. पान कापायला हा पत्र्याचा तुकडा, ही कातर, हा दोरा. झालं.'

'तुमचा धंदा वेगळा आहे ना, ताई.'

'व्हय. माझ्या धंद्यात सांजच्याला बिड्या मोजून घेत्यात. तुमच्यात काय मोजत्यात?'

मी वही उघडून पाहिली. यादीत नव्हतं.

बेळगाव, शुक्रवार संध्याकाळ

बेळगावला उतरलं की पाट्या कानडी आणि बोलणं तीन भाषांचं. आमच्या गावात दुकानदार एका गिऱ्हाइकाशी एकच भाषा बोलतो. इथे एका वाक्यात दोन येतात आणि कुणी थांबून बघत नाही. मी बाजारातल्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो. मालक साठीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. त्यांनी आधी माझ्या काखेतल्या चंदेरी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

'ट्रायपॉड दाखवा,' मी म्हणालो.

'फोटू कशाचा?'

'घरातल्या हातमागाचा.'

अण्णांनी कपाटातल्या ट्रायपॉडकडे पाहून हात हलवला. 'ब्याड.'

मी थक्क झालो. आमच्याकडे दुकानदार फुटक्या मालालाही एक नंबर म्हणतात. हा माणूस स्वतःच्या मालाला चक्क बॅड म्हणतोय! बेळगावच्या प्रामाणिकपणाबद्दल ऐकलं होतं, आज दिसला. 'मग याहून चांगला दाखवा,' मी म्हणालो.

त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि एक मोठा काढला. 'पर ह्यो बी ब्याड,' ते म्हणाले.

'याहून चांगला?'

आता अण्णांनी चष्मा काढून पुसला. माळ्यावरून एक अवजड धूड खाली आलं. त्याच्या तीन पायांवर सभेचा मांडव उभा राहिला असता. तो मी घेतला. फ्लॅशचंही तसंच झालं. पहिला बॅड, दुसरा बॅड, म्हणून तिसरा घेतला. रिमोट दाखवताना त्यांनी मान नुसती नाही-नाही अशी हलवली. मी तोही घेतला. अण्णांनी सगळं पुसून, कागदात बांधून दिलं. निघताना त्यांचा चेहरा एखाद्या आजाऱ्याला निरोप दिल्यासारखा दिसत होता.

प्रकाश मोटारसायकल घेऊन न्यायला आला होता. ट्रायपॉड आडवा धरून मी मागे बसलो आणि त्याला त्या सज्जन दुकानदाराची गोष्ट सांगितली. त्याने भर रस्त्यात गाडी कडेला घेतली आणि हँडलवर डोकं टेकून हसायला लागला.

'मास्तर, अरं ब्याड म्हंजे बॅड न्हवं रं! कानडीत ब्याड म्हंजे नको. घरातल्या फोटूला ह्ये नको, असं सांगत हुता त्यो बिचारा!'

'मग विकलं कशाला?'

'तू दर खेपंला मोठा माग म्हणालास. त्यानं काय पाया पडायचं तुझ्या?'

पाचवीपासून बी.ए.पर्यंत मी जे इंग्रजी मिळवलं होतं, ते असं एका संध्याकाळी कामाला आलं.

वडगाव, शुक्रवार रात्री जेवताना

आक्का साठीच्या आसपासची, बारीक, चष्मा दोऱ्याने बांधलेला. दारात पाय ठेवताच तिने माझ्या हातातलं ते चंदेरी चाक घेतलं, उलटसुलट पाहिलं, दोन्ही मनगटांनी एक पीळ दिला आणि ताटाएवढी घडी करून माझ्या हातात ठेवली. आयुष्यभर साड्यांच्या घड्या घातलेले हात ते.

'हात धुवून बस,' ती म्हणाली. आमच्याकडे पाहुण्याला आधी प्रवास कसा झाला ते विचारतात. इथे आधी ताट येतं, मग विचारपूस. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी आणि ताकाचं भांडं. पहिला घास तोंडात गेल्यावर प्रकाशने विषय काढला.

दोन वर्षांपूर्वी प्रकाशचे वडील गेले. त्यांना सगळे आप्पा म्हणत. विणकराचं कार्ड त्यांच्या नावावर होतं आणि त्या कार्डावरच सवलतीचं सूत मिळत होतं. माग आक्काच तीस वर्षं चालवत होती. आप्पा सूत आणायचे, साड्या विकायचे, कार्डावर सही करायचे. कागदावर मात्र ते विणकर आणि आक्का गृहिणी. आता कार्ड आक्काच्या नावावर करायला अर्ज केला, तर कचेरीने फोटो मागितला. मागावर बसून विणतानाचा, चेहरा आणि हात स्पष्ट दिसणारा.

'मी मोबाईलवर काढला,' प्रकाश म्हणाला आणि फोटो दाखवला. मागे खिडकी असल्याने आक्का म्हणजे उजेडात बसलेली एक काळी सावली होती. फोटोवर लाल शाईत शेरा होता. त्याने मला मराठी करून सांगितलं: 'विणकर दिसत नाही.'

'मग लग्नाचं फोटू काढणाऱ्याकडं न्हेलं. त्यो म्हणला, स्टुडिओत आणा, झकास काढतो.'

दुसऱ्या फोटोत आक्का नवी साडी नेसून उभी होती. मागे पडद्यावर बर्फाचे डोंगर आणि धबधबा. हातात तिने घरून नेलेला धोटा, म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारा तो लाकडी तुकडा, पूजेच्या फुलासारखा धरलेला. शेरा: 'माग दिसत नाही.'

'तिसऱ्यांदा आला तर अर्ज रद्द, म्हणत्यात,' आक्का म्हणाली. 'मग सूत न्हाय. सूत न्हाय तर माग कशाला? शेजारचा यंत्रमागवाला म्हणतोय, आक्का या आमच्याकडं घड्या घालायला.'

'मग काय म्हणालात?'

'म्हणलं, बघू. घड्या घालायला हात लागत्यात. इणायला डोस्कं बी लागतंय.'

या गावासाठी दोन राज्यं किती वर्षं भांडतायत. दोघांनाही गाव हवं आहे. या मागाला सूत कुणी द्यायचं यावरून मात्र दोघांत कसलाच वाद नाही.

शनिवार

सकाळी मी जाकीट घालून तयार झालो. माग पुढच्या खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला. आक्का खड्ड्यात पाय सोडून बसते, तिच्या पाठीशी खिडकी. समोर उभे धागे थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत ताणलेले. कॅमेरा ठेवायला एकच कोपरा मोकळा आणि तिथून खिडकी नेमकी डोळ्यांवर. हूड लावलं, तर निदान लेन्सवर येणारी तिरीप थांबली. हूड खरं, असं वहीत लिहिलं.

पहिले दहा फोटो अंधारात काढल्यासारखे आले. अर्ध्या तासाने लक्षात आलं की निपाणीत आभाळ निळं यावं म्हणून लावलेला पोलरायझर अजून लेन्सवरच आहे. तो उजेड खातो, हे व्हिडिओत सांगितलं असावं, पण चहाच्या मगाचा भाग मी जास्त लक्ष देऊन पाहिला होता. काढायला गेलो तर फिरेना. आक्काने भाकरीच्या डब्याचं झाकण उघडतात तसं पदराने धरून काढून दिला.

मग फ्लॅश. समोरून मारला तर जरीचा काठ पेटल्यासारखा पांढरा झाला आणि आक्काच्या चष्म्यात दोन चंद्र उगवले. व्हिडिओतले गृहस्थ म्हणाले होते, छतावर मारा, मऊ उजेड परत येतो. त्यांच्या छताला पांढरा रंग असणार. इथे वर कौलं आणि कित्येक वर्षांची काजळी. उजेड गेला तो गेला.

'दिवाळी झाली का तुझी?' आक्का डोळे चोळत म्हणाली.

उरला ट्रायपॉड. तो उभा केला, कॅमेरा घट्ट बसवला, आता हलायचं काही कारण नव्हतं. फोटो पाहिला तर आक्काला चार हात. दुसऱ्यात काठाच्या दोन रेघा. मी सगळे स्क्रू आवळले. लेन्समधली थरथर थांबवायची कळ ट्रायपॉडवर बंद ठेवावी, हे आठवून ती बंद केली. आक्काला हात थांबवून बसायला सांगितलं. तरी खिडकीचे गजसुद्धा दुहेरी येत होते. हातात धरून, उजेडाचे सगळे आकडे वाढवून काढले, तर चेहऱ्यावर रवा पसरल्यासारखे दाणे आले. मोबाईलपेक्षा वाईट. एवढा भार वाहून आणलेली विद्या आणि फोटोला शेरा पडणार तो पुन्हा लाल शाईतच.

आक्काने माझा चेहरा पाहिला असावा. ती उठली, पाण्याचा पेला आणून ट्रायपॉडच्या पायाशी ठेवला.

'पाण्याकडं बघ.'

पेल्यातलं पाणी थरथरत होतं. वर्तुळं उठत होती, थांबत नव्हती.

भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे बारा यंत्रमाग. त्यांचा आवाज मला सकाळपासून ऐकू येत होता. पण आवाज म्हणजे नुसता आवाज, असं मी धरून चाललो होतो. जमीन हलत होती. अण्णांना हे दुकानात बसून माहीत होतं. घरातला माग म्हणजे वडगाव, वडगाव म्हणजे भिंतीपलीकडे यंत्र. म्हणूनच ते ब्याड म्हणाले होते.

'शेजाऱ्यांना घटकाभर बंद ठेवायला सांगू या?' मी विचारलं.

'नगं,' आक्का म्हणाली. 'त्याच्या दारात गेले, की त्यो घड्यांचंच काढंल. आन् मग न्हाय म्हणायला तोंड ऱ्हायचं न्हाय.'

संध्याकाळी प्रकाशने बाजारातून मांडे आणले. रुमालासारखे घडी घातलेले, कागदाहून पातळ, आत साखर. आमच्याकडच्या पोळीला हे नाजूकपण माहीत नाही. मी दोन खाल्ले आणि एकाचीही चव लक्षात राहिली नाही. माझ्या डोक्यात ते पाणी थरथरत होतं.

रविवार

सकाळी प्रकाश तोंड पाडून आला. 'आज धा ते एक करंट जाणार. लाईनीचं काम हाय.' इकडे विजेला करंटच म्हणतात. 'आता कसला फोटू! उजेड बी न्हाय.'

मीही डोक्याला हात लावला. व्हिडिओत पहिलं वाक्यच होतं, प्रकाश म्हणजे सर्व काही.

दहा वाजता दिवा गेला. आणि भिंतीपलीकडचा तो आवाज मधेच तुटला. दोन दिवस कानात बसलेली खटखट गेली तेव्हा मला आधी वाटलं, मीच बहिरा झालो. मग गल्लीतलं सगळं ऐकू येऊ लागलं. कुणाचा तरी कुकर, कुणीतरी कानडीत पोराला हाका मारतंय. आक्का पेला घेऊन आली आणि तिने तो जमिनीवर ठेवला. पाणी स्तब्ध.

मी धावत ट्रायपॉड मांडला. आता खिडकीचाच उजेड होता आणि त्यात आक्काची समोरची बाजू अंधारात जात होती. रिफ्लेक्टर धरला, तर चंदेरी झोत थेट डोळ्यांत गेला. 'आरसा कशाला दावतोस? मला काय नटायचंय?' ती म्हणाली. मग ती आत गेली, पत्र्याच्या पेटीतून आप्पांचं पांढरं धोतर काढलं आणि प्रकाशला दिलं. 'ह्ये धर तिकडून.'

प्रकाश धोतर दोन्ही हातांत ताणून उभा राहिला. त्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडावरून उजेड परतला आणि आक्काच्या काळ्या पडलेल्या गालावर आला. सुरकुत्या दिसल्या, डोळे दिसले. प्रकाश मान वळवून भिंतीकडे बघत होता.

आता अडचण एकच. एवढ्या कमी उजेडात कॅमेरा अर्धा सेकंद उघडा ठेवायला लागणार आणि विणताना हात अर्धा सेकंद थांबत नाहीत. 'जरा हात थांबवून बसता?' मी विचारलं.

'काल बसले की. मयतासारखी दिसत हुते. थांबून बसलेलं कचेरीला दाखवायचं, तर स्टुडिओ काय वाईट हुता?'

मी ट्रायपॉडमागे बसलो आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याऐवजी तिच्याकडे पाहत राहिलो. पाय खड्ड्यातल्या पावडीवर, धोटा इकडून तिकडे, धागा दाबून बसवणाऱ्या फणीचा ठोका. पुन्हा धोटा, पुन्हा ठोका. दहा-बारा फेऱ्यांनंतर ती वाकून काठावरून नजर फिरवायची. मग मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघायची, लांब कुठेतरी पाहिल्यासारखं. तेवढा वेळ दोन्ही हात फणीच्या लाकडावर टेकलेले असायचे. डोळ्यांना विसावा द्यायची सवय असणार तिची. श्वासाएवढा थांबा. पण दर वेळी नेमका.

कॅमेऱ्याला बोट लावलं असतं तर तो हलला असता. म्हणून रिमोट हातात घेतला आणि चार वेळा मोजत राहिलो. पाचव्यांदा तिने मान वर केली तेव्हा कळ दाबली. रिमोटच्या बाबतीत अण्णांचं चुकलं, हे त्यांना जाऊन सांगायला हवं. त्यांनी माझ्याशी जेवढा संयम दाखवला तेवढा मीही दाखवला पाहिजे.

एक वाजता करंट आला. पेला कुणीतरी उचलला होता. नाहीतर त्यातलं पाणी पुन्हा थरथरताना दिसलं असतं. माझ्याकडे एकच चांगला फोटो होता. चेहरा, दोन हात, माग, कापड. जरीचा धागा न् धागा मोजता येत होता.

सोमवार

सकाळी फोटो मोठा छापून घेतला. कचेरीत कारकून साहेबांनी तो टेबलावर पसरला, मान डोलावली आणि कानडीत बोलले. प्रकाशने मला मराठीत सांगितलं. फोटो छान आहे, पण यजमान गेल्यावर बायका माग बंद करतात. मागापुढे बसून फोटो कुणीही काढतं. तुम्हीच विणता कशावरून?

'चेहरा दिसायला हवा, हात दिसायला हवेत, माग दिसायला हवा,' एवढंच तुम्ही लिहिलं होतं, असं मी म्हणणार होतो. नियम मला पाठ होता. पण आक्का आमच्या कुणाकडे बघतच नव्हती. तिने स्वतःचा एवढा मोठा फोटो पहिल्यांदा पाहिला होता. चष्मा नीट बसवून ती टेबलावर वाकली. चेहऱ्यावर नजर गेलीच नाही. बोट सरळ काठावर गेलं आणि तिथेच थांबलं.

'अगं बाई,' ती म्हणाली. 'प्रकाश, ह्यो फोटू देऊ नगंस.'

'का?'

'हितं धागा चुकलाय. काठात. घे, घे उचलून. असला फोटू सरकारात ठेवायचा व्हय? जलमभर ऱ्हाईल.'

ती फोटो ओढायला लागली आणि साहेबांनी दुसरी बाजू धरून ठेवली. 'कुठे?' त्यांनी आता मराठीतच विचारलं. 'मला तर काही दिसत नाही.'

आक्काने त्यांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि टोक टेकवलं. साहेब वाकले. शेजारच्या टेबलावरच्या बाई आल्या, त्याही वाकल्या. शिपाई आला. चार डोकी एका काठावर. मीही पाहिलं. दोन दिवस तो काठ मी बघत होतो, मला दिसलं नाही. शेवटी त्या बाई म्हणाल्या, 'होय हो! इथं एक धागा वरून जायच्या ऐवजी खालून गेलाय.'

'परवा डोळ्याला पाणी येत हुतं,' आक्का त्यांना सांगू लागली. 'न्हाईतर अशी चूक माझ्या हातनं व्हत न्हाय. तीस वर्षांत बघा, कुठलीबी साडी आणा माझी.'

साहेबांनी तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. कशावरून, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. अर्ज पुढे ओढला, शिक्का मारला, सही केली आणि म्हणाले, 'पुढच्या महिन्यापासून सूत यांच्या नावावर. फोटो आता कॉम्प्युटरवर चढवा. पन्नास केबीच्या आत पाहिजे.'

पन्नास केबी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अवजड ट्रायपॉडसकट बारा वस्तू, दोन राज्यांतल्या दोन गाड्या आणि तीन तास गेलेला करंट हे सगळं पोस्टाच्या तिकिटात कोंबणं म्हणजे पन्नास केबी. तिथल्या बाईंनी फोटो लहान केला, आणखी लहान केला. पडद्यावर एक तपकिरी डाग उरला, वर एक ठिपका. तो आक्काचा चेहरा असावा. मालनताईंच्या तंबाखूचाही असू शकेल. अर्ज मंजूर झाला.

आक्का पडद्याकडे निरखून बघत होती. मग समाधानानं म्हणाली, 'आता बरं हाय. आता चूक दिसत न्हाय.'

परतताना प्रकाशने पोचपावती दहादा वाचली. व्यवसायाच्या रकान्यात कानडीत नेकार लिहिलं होतं, म्हणजे विणकर. त्याने ती देवापाशी ठेवली आणि चहा टाकायला गेला. माझी गाडी दुपारची होती. मी वस्तू पिशवीत भरत होतो. चहाचा मग सोडून सगळ्याच पिशवीत बसल्या. तो मी आक्काला दिला होता आणि तिने त्यात चमचे ठेवले होते.

माग पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येईना, म्हणून पुढच्या खोलीत डोकावलो. आक्का खड्ड्यात बसून कापड मागे घेत होती. सुईच्या टोकाने एकेक आडवा धागा उचलून काढत होती. शनिवारी आणि रविवारी विणलेलं सगळं सुटत चाललं होतं.

'आक्का, आता राहू दे की,' प्रकाश कप घेऊन दारात उभा होता. 'अर्ज झाला. तिथं कुणाला दिसतंय?'

'कचेरीला दिसत न्हाय रं,' ती मान वर न करता म्हणाली. 'नेसणारीला दिसंल.'